आज्जीचा हात १४ सेंटीमीटर पुढे गेला, म्हणजे नक्की काय झालं?

"मॅडम, आईचं चौदा आलंय ओ, आता काय करायचं?" एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी हा फोन आला. फोन करणारा सोलापूरच्या पूर्व भागातला, आई विडी कामगार, चाळीसेक वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, आता वय ७२. त्या दिवशी सकाळी गल्लीजवळच्या एका हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर होतं, तिथं भिंतीला टेप चिकटवून त्यांना हात पुढे करायला लावला, कागदावर १४ लिहिलं आणि बाजूला लाल पेनानं "पडण्याचा धोका जास्त" असं लिहून दिलं. झालं, घरी आल्यापासून मुलगा आईला बाथरूमला एकटीला जाऊ देईना आणि आज्जी रडायला लागल्या की मी काय आता अंथरुणाला खिळले का रे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे व्यायाम घेते. बुधवारी सकाळी त्यांच्या घरी गेले, तीच टेस्ट घेतली, २१ सेंटीमीटर आले. तीन दिवसांत सात सेंटीमीटर! मुलगा लगेच खूश, "म्हणजे आईला काही नाही की मॅडम." मला त्याला सांगावं लागलं की रविवारच्या १४ ला जसं घाबरायचं नव्हतं तसंच आजच्या २१ वर निर्धास्त पण व्हायचं नाही. हे त्याला समजावताना पाऊण तास गेला, आणि तोच पाऊण तास इथं लिहून काढतेय, कारण असे कागद घेऊन बसलेली घरं मला दर महिन्याला भेटतात.

आधी टेस्ट काय आहे ते बघू. नाव फंक्शनल रीच टेस्ट, पामेला डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली अमेरिकेत मांडली. भिंतीला खांद्याच्या उंचीवर मोजपट्टी आडवी लावायची, माणसानं भिंतीला न टेकता तिच्या बाजूला उभं राहायचं, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे, मूठ बंद. मुठीवर मधल्या बोटाच्या मुळाशी जो उंचवटा असतो तो पट्टीवर कुठं येतो ते बघायचं. मग पाऊल न उचलता, कशाचा आधार न घेता जितकं जमेल तितकं पुढे वाकायचं आणि तो उंचवटा आता कुठं पोचला ते बघायचं. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा रीच. बास. यात मशीन नाही, खर्च नाही, पाच मिनिटांत होते, म्हणून तर ती शिबिरात चालते. मागची कल्पना पण चांगलीय, फडताळातला डबा काढताना आपण तोल किती ताणू शकतो तेच ती मोजायला बघते.

आता १४ ला लाल पेन का, तर १५ सेंटीमीटर किंवा कमी म्हणजे धोका अशी एक रेघ धरली जाते. हा १५ चा आकडा कुठनं आला? १९९२ साली त्याच लोकांनी २१७ म्हाताऱ्या माणसांना सहा महिने बघितलं, कोण दोन किंवा जास्त वेळा पडतंय ते मोजलं, आणि ज्यांचा रीच सहा इंच किंवा कमी होता, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर, त्यांच्यात वारंवार पडण्याची शक्यता दहा इंचांच्या वर जाणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त निघाली. पण ही २१७ माणसं कोण होती माहितीय का? अमेरिकेतले निवृत्त सैनिक, सगळे पुरुष, वय ७० ते १०४. आणि १९९० च्या पहिल्याच अभ्यासात हेही दिसलं होतं की माणसाच्या उंचीचा आणि वयाचा रीचवर परिणाम होतो. आता आमच्या आज्जी पावणेपाच फूट. जन्मभर मांडी घालून खाली मान घालून बसल्यामुळं पाठीला बाक आलाय, उजवा खांदा आखडलाय. उंच अमेरिकन सैनिकाची रेघ यांना जशीच्या तशी लावली तर ती लागू पडेलच असं कोण सांगणार? चौदा आणि पंधरामध्ये तर एका बोटाच्या जाडीचाही फरक नाही, आणि त्यावर लाल पेन.

बरं, रेघ सोडा, आधी १४ हा आकडा तरी खरा होता का? इथं खरा विषय सुरू होतो, भरवशाचा. इंग्रजीत याला रिलायबिलिटी म्हणतात. मोजमाप भरवशाचं कधी म्हणायचं, तर त्याच माणसाला, त्याच्यात काही बदल झाला नसताना, परत मोजलं की तेच किंवा जवळजवळ तेच उत्तर यायला पाहिजे, आज मोजा, परवा मोजा, मी मोजलं काय आणि दुसऱ्या कुणी मोजलं काय.

सोलापूरकरांना हे मागावरनं लगेच समजतं. मुलाचे वडील यंत्रमागावर होते, घरात अजून लाकडी मीटरपट्टी आहे. मी ती हातात घेऊन विचारलं, चादर मोजताना कापड ताणून धरलं तर काय होतं? म्हणाला, इंचभर जास्त भरते. आणि ढिली धरली तर? कमी. चादर तीच, पट्टी तीच, धरणाऱ्या हातावर माप बदललं. आता दुसरी गोष्ट, समजा पट्टीचं टोक झिजून अर्धा इंच कमी झालंय, मग काय होईल, कितीही वेळा मोजा, उत्तर दरवेळी तेच येईल पण दरवेळी चुकीचंच येईल. पहिली गडबड भरवशाची आणि दुसरी खरेपणाची, म्हणजे व्हॅलिडिटीची, दोन्ही वेगळ्या आहेत, आणि तोलाच्या टेस्टमध्ये दोन्ही होतात.

रविवारी कापड कसं धरलं होतं ते मी आज्जींना विचारत गेले. नऊ वाजता रांगेत लावलं, नंबर साडेअकराला आला, पत्र्याचा हॉल, बाहेर चाळीसच्या वर ऊन, पाणी कमी प्यायल्या कारण मग लघवीला कुठं जायचं. चष्मा पिशवीत. पायात चप्पल तशीच. बोटं सरळ का मूठ, आठवत नाही. एकदाच करायला लावलं, आधी करून बघू दिलं नाही. आणि सूचना देणारी मुलगी मराठीतनं भराभर बोलत होती, आज्जींच्या घरी तेलुगू, त्यांना वाटलं हात नुसता लांब करायचाय, अंग पुढे वाकवायचंय हे कळायच्या आत "झालं, पुढच्या या" म्हणाले. मी त्या पोरीला दोष देत नाही, दीडशे माणसं एका सकाळी उरकायची तर कोण काय करणार. पण हे सगळं त्या १४ मध्ये आलंय. त्यात आज्जींचा तोल किती, उन्हाचा थकवा किती आणि न कळलेली सूचना किती, हे आता वेगळं काढता येत नाही.

बुधवारी मी काय केलं, तर सकाळी नाष्ट्यानंतर, अनवाणी, चष्मा लावून, आधी स्वतः करून दाखवलं, मग सुनेनं तेलुगूत सांगितलं, दोनदा करून बघू दिलं आणि ते दोन धरलेच नाहीत, मग तीनदा घेतलं: २०, २२, २१. सरासरी २१. दोन सराव, तीन मोजण्या आणि सरासरी, ही मूळ पद्धतच आहे, मी काही वेगळं केलं नाही. सरावाचं महत्त्व लोक विसरतात, नवी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आपसूक चांगली जमते, त्यात तोल सुधारत नाही, टेस्ट काय आहे ते कळतं एवढंच. आणि हो, मी एका हाताच्या अंतरावर उभी होते, हे कधीच सोडायचं नाही, तोलाच्या टेस्टमध्ये माणूस पडला तर काय उपयोग.

आता थोडं गणित. संशोधक भरवसा मोजायला आयसीसी नावाचा आकडा काढतात, साधारण ० ते १ मध्ये असतो. ढोबळ वाचन असं की ०.५ च्या खाली कच्चा, ०.७५ पर्यंत मध्यम, ०.९ पर्यंत चांगला, त्याच्या वर उत्तम. फंक्शनल रीचच्या पहिल्या अभ्यासात २१ ते ८७ वयाची १२८ माणसं होती, तिथं आयसीसी ०.८१ आला. चांगला आहे की! पण या आकड्यात एक मेख आहे आणि ती कळल्याशिवाय कुठल्याही टेस्टची जाहिरात वाचू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आयसीसी फक्त टेस्टवर अवलंबून नसतो, ती कुणावर घेतली त्यावर पण असतो. समजा तुमच्यापुढं ढीग आहे, त्यात रुमाल, टॉवेल, सिंगल चादर, डबल चादर सगळं मिसळलेलं. कुणीही नुसत्या नजरेनं लहानमोठं लावेल आणि दहा वेळा तसंच लावेल, टेप कशी का असेना. आता ढिगात फक्त सिंगल चादरी ठेवा, सगळ्या एका मापाच्या, इंच-अर्ध्या इंचाचा फरक. आता लावा क्रम. आज एक येईल उद्या दुसरा. टेप तीच आहे, पण माणसं एकसारखी झाली की भरवशाचा आकडा घसरतो.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. टाइम्ड अप अँड गो नावाची टेस्ट आहे, सगळे टग म्हणतात, खुर्चीतनं उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, किती सेकंद लागले ते मोजायचं. १९९१ साली पॉडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी ती मांडली तेव्हा बघितलेली माणसं दवाखान्यात येणारी, कुणी टणटणीत तर कुणी आधाराशिवाय उठू न शकणारं, तिथं आयसीसी ०.९९ आला. पुढे २००० साली कॅनडात समाजातल्या म्हाताऱ्या माणसांवर मोठ्या अभ्यासात हीच टेस्ट परत-परत घेतल्यावर कितीचा आला? ०.५६. म्हणून कुणी "ही टेस्ट ९९ टक्के भरवशाची" म्हणालं की विचारायचं, कुणावर?

आणि घरच्या माणसाला आयसीसीचा तसा काही उपयोग पण नाही. तुम्हाला शंभर माणसांचा क्रम लावायचा नाहीये, तुम्हाला एकाच आईचं बघायचंय, की मागच्या वेळी इतकं होतं, आता इतकं आहे, मग ती सुधारली का? यासाठी दुसरा आकडा लागतो, कमीत कमी किती फरक पडला तर तो खरा फरक म्हणायचा. हिशोब दाखवते, कारण एकदा स्वतः केला की विसरत नाही. समजा लोकांच्या रीचमध्ये एकमेकांत साधारण ६ सेंटीमीटरचा पसारा आहे, ज्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. आयसीसी ०.८१ धरा. एकातनं ०.८१ गेले, ०.१९ राहिले, त्याचं वर्गमूळ ०.४४ च्या आसपास, गुणिले ६, म्हणजे २.६ सेंटीमीटर. ही झाली एका मोजणीतली चूक. पण आपण दोन मोजण्या ताडून बघतोय, दोन्हीत चूक आहे, म्हणून ९५ टक्के खात्रीसाठी तिला २.७७ नं गुणायचं. उत्तर येतं ७.२ सेंटीमीटर.

म्हणजे बघा, आज्जींचा १४ ते २१ हा सात सेंटीमीटरचा उडी मारलेला फरक, ज्यानं एका घरात आधी रडारड आणि मग आनंद झाला, तो या हिशोबानं मोजणीच्या चढउतारातच बसतो. आणि यात मोजणारा बदलला, पद्धत बदलली हे धरलेलंच नाही. मुलगा हे ऐकून बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग उगाच तीन दिवस आईला कोंडून ठेवलं ओ."

बर्ग बॅलन्स स्केल नावाची तोलाची आणखी एक टेस्ट आहे, तिचं पण असंच आहे. कॅथरिन बर्ग यांची, १९८९ ची, १४ कामं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५६. उठणं, बसणं, डोळे मिटून उभं राहणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, एका पायावर उभं राहणं असं सगळं, त्यात हात पुढे करणं पण आहे. तिथं म्हाताऱ्या माणसांत खरा बदल म्हणायला किती गुण लागतात हे तपासलंय, ४५ किंवा वर असाल तर ४, ३५ ते ४४ मध्ये ५, आणि २५ ते ३४ मध्ये ७. महिनाभर व्यायाम करून ४० चे ४२ झाले तर आनंद जरूर माना, पण रिपोर्टवर "सुधारणा" लिहू नका. उलट ४० चे ३८ झाले म्हणून व्यायाम बंद पण करू नका. आणि बरीच धडधाकट माणसं यात ५५-५६ ला पोचतात, तिथून पुढं टेस्टकडे जागाच उरत नाही.

खरेपणाकडे, म्हणजे झिजलेल्या पट्टीकडे परत येते, कारण रीचच्या बाबतीत मला हे जास्त छळतं. हात पुढे नेण्याचे दोन रस्ते आहेत. एक, घोट्यातनं सगळं शरीर पुढे झुकवायचं, यात वजन खरंच चवड्यावर येतं, तोलाची परीक्षा होते. दुसरा, कंबरेतनं वाकायचं आणि बूड मागं काढायचं, हात लांब जातो पण शरीराचं वजन होतं तिथंच राहतं. तोल ज्यांचा कच्चा आहे ते बरोबर दुसरा रस्ता शोधतात, शरीर हुशार असतं. तिसरं म्हणजे खांदा फिरवून चार बोटं जास्त काढणारे. १९९९ साली एका अभ्यासात तोल बिघडलेली माणसं आणि ठणठणीत म्हातारी माणसं दोघांचा रीच मोजला तर आकड्यात फरक दिसेना, कारण तोच, वाकण्याची पद्धत वेगळी. म्हणून मी आकड्याच्या शेजारी नेहमी लिहिते: टाच उचलली का, बूड मागं गेलं का, खांदा फिरला का, परत सरळ होताना डगमगल्या का. आज्जींच्या २१ शेजारी लिहिलंय, "कंबरेतून, बूड मागे, सरळ होताना भिंतीकडे हात." माझ्यासाठी ती ओळ २१ पेक्षा मोठी.

कटऑफच्या, म्हणजे इथून धोका सुरू असं सांगणाऱ्या, रेघा पण दगडावर कोरलेल्या नसतात. टगचंच बघा, अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी १२ सेकंदांना धोका म्हणते, २००० सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात १३.५ होतं, आणि पडणं टाळण्याबद्दलच्या २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत १५ च्या वर. तेरा सेकंद लागणारे आप्पा एका कागदावर धोक्यात आणि दुसऱ्यावर बिनधोक. त्यातनं खुर्ची. मूळ टेस्टला हाताची खुर्ची, बसायची उंची साधारण ४६ सेंटीमीटर, आणि आपल्याकडं शिबिरात मिळेल ती प्लॅस्टिकची, हात तुटलेली, खोलगट. खोलगट खुर्चीतनं उठायलाच दोन सेकंद जास्त जातात. आणि कृपा करून टेस्ट चालू असताना "चला चला लवकर" ओरडू नका, सूचना अशी आहे की तुमच्या नेहमीच्या, सुरक्षित वाटेल त्या चालीनं चाला.

मग काय या टेस्ट टाकून द्यायच्या? अजिबात नाही, मी रोज वापरते. एकाच माणसावर, एकाच पद्धतीनं, वर्षभर घेत राहिलं तर त्या खूप बोलतात. फक्त एकट्या आकड्यावर आईचं बाथरूम ठरवू नका.

त्या बुधवारी खरी गोष्ट कळली ती टेपनं नाहीच. सामान आवरता आवरता मी विचारलं, आज्जी, गेल्या वर्षभरात कधी पडला होता का? मुलगा पटकन म्हणाला, नाही नाही, कधीच नाही. आज्जी सुनेकडे बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, श्रावणात न्हाणीत पाय सटकला होता, कुणाला सांगितलं नाही, पोरगं काळजी करतंय म्हणून. आणि गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत एकदा गुडघ्यावर बसल्या होत्या, तेही कुणाला माहीत नाही. आधी पडलेला माणूस परत पडण्याची शक्यता जास्त असते, हे इतक्या अभ्यासांत इतक्या वेळा दिसलंय की हा एक प्रश्न मी कुठल्याही टेस्टच्या आधी ठेवते, आणि त्या दिवशी मीच तो शेवटी विचारला याची रुखरुख अजून आहे.

दुसरं, बीपी. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजलं, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर लक्ष द्यायचं असतं. आज्जींचा वरचा २४ नं उतरला. बीपीची गोळी चालू, उन्हाळा, पाणी कमी. मुलाला म्हटलं, हे आकडे लिहून आजच डॉक्टरांना दाखव. गोळी आपल्या मनानं कमी करायची नाही, हे पण दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी डोस बदलला.

घरी कुणाला मोजायचं असेल तर एवढंच करा की वेळ तीच, जागा तीच, पाय अनवाणी, चष्मा लावलेला, शक्यतो मोजणारा तोच, दोन सराव आणि तीन मोजण्या, जवळ एक धडधाकट माणूस, आणि तिन्ही आकडे लिहा, सगळ्यात चांगला एकच नको. ज्यांना उभं राहिलं की चक्कर येते त्यांची घरी घेऊच नका.

मेच्या शेवटी परत गेले. रीच आला २३, २४, २२. मुलानं मी काही बोलायच्या आधीच हिशोब केला, "दोनच वाढलेत मॅडम, म्हणजे तेवढंच आहे म्हणायचं." बरोबर. पण यावेळी सरळ होताना आज्जींचा हात भिंतीकडे गेला नाही, ते मी लिहून घेतलं. न्हाणीत आता स्टीलचा दांडा बसवलाय, शहाबादी फरशी घासून खरखरीत केलीय, आज्जी एकट्या आंघोळीला जातात, कडी न लावता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन आकडे लिहिलेत आणि जुलैच्या पानावर सुनेनं तेलुगूत पुढची तारीख टाकलीय.